खंडाळा सोडला की बटर बाहेर

बायको पुण्याला गेली ती मुलीच्या बाळंतपणाला. सव्वा महिना झाला की येते म्हणाली होती. बारसं झालं, सव्वा महिना झाला, मग बाळानं मान धरायची वाट बघायचं ठरलं, मग पालथं पडायची, आणि तेवढ्यात मुलीची रजा संपून ती कामावर रुजू झाली. मग बाळाला सांभाळणार कोण? मी पाळणाघराचं नाव काढलं तर मायलेकी दोघी फोनवरून माझ्या अंगावर आल्या. जावई मध्ये पडला नाही, शहाणा आहे. आता नात घरभर पळते, सोसायटीत दिसेल त्या म्हाताऱ्याला आबा म्हणते, आणि खरा आबा इकडं सांगलीजवळ कुपवाडात बसलाय, एकटा.

तक्रार म्हणून सांगत नाही, असं म्हणायची एक पद्धत असते. मी तक्रार म्हणूनच सांगतोय. आमचं घर औद्योगिक वसाहतीच्या मागच्या अंगाला, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढं जरासं अंगण. जवळच्याच एका कारखान्यात मी लेथवर लागलो आणि सुपरवायझर होऊन बाहेर पडलो. नोकरी होती तोवर घर म्हणजे जेवायची आणि झोपायची जागा. निवृत्त झालो, म्हटलं आता दोघं निवांत बसू, भांडू, चहा पिऊ, तर ही पुण्याला. सकाळी भोंगे होतात, दुचाक्यांची एकच गर्दी उडते, आणि मग गल्ली अशी सामसूम होते की घर खायला उठतं. दिवसभरात माझ्या तोंडून शब्द निघायचे ते दूधवाल्याशी, नाहीतर टीव्हीवरच्या बातम्यांना घातलेल्या शिव्यांचे.

सुरुवातीला खानावळीचा डबा लावला होता. रोज तीच बटाट्याची भाजी, रोज तीच पाणीदार आमटी. झाकण काढायच्या आधीच वास यायचा आणि भूक मरायची. पँट कमरेवर थांबेना. शेवटी डबेवाल्यावर इतका तापलो की त्यानं दुसऱ्या दिवसापासून यायचंच बंद केलं. चांगलं झालं म्हटलं. पण पोटाचं काय? मग पाव-बटर.

बटर म्हणजे बेकरीत मिळतं ते चहात बुडवायचं गोल कडक बटर नव्हे. पाकिटातलं, पिवळं, खारं. आम्ही दोघंही मूळचे पुण्याच्या वाटेवरच्या उंब्रजकडचे. तिकडं लोणी म्हणजे पांढरं, ताकावर गोळा होऊन तरंगणारं, आणि पुढं त्याचं तूप होणार हे ठरलेलं. लोण्यात मीठ घालतात हे ऐकून माझी आई हसली असती. बायकोनं कुपवाडातही कधी विकतचं लोणी घरात येऊ दिलं नाही. साय साठवायची, विरजायची, घुसळायची, सगळं तिचं तिचं चालायचं, मला फक्त ताटात तूप दिसायचं. ती गेल्यावर मीही साय साठवायला घेतली. भांडं फ्रिजमध्ये मागं ढकललं आणि विसरलो. आठवण झाली तेव्हा त्यावर हिरवी लव आली होती. तो विषय तिथंच मिटला.

पहिलं बटर आणलं ते कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून. प्लॅस्टिकचा डबा, वर झकास गाईचं चित्र, आत पिवळाधमक ऐवज. घरी येऊन पावाला लावलं तर मेणासारखं टाळूला चिकटून बसलं. तसाच डबा उचलून बेकरीवाल्याकडं गेलो. हा बेकरीवाला माझा जुना दोस्त. मुसलमान घरातला, आजोबांपासून त्यांची भट्टी. कारखान्यात जाता-येता त्याच्या बाकावर चहा प्यायचा हा आमचा नेम, तो निवृत्तीनंतरही मोडला नाही. त्यानं डबा उलटासुलटा केला आणि माझ्याकडं असं बघितलं की मीच चोरी करून आलोय.

“ह्ये काय आनलंस?”

“बटर.”

“डोळं हायत का भोकरं, गड्या? माघारी काय लिवलंय ते वाच की. तेल हाय ह्ये, रंग लावून बसलंय. लोण्याचा थेंब न्हाई ह्यात.”

चष्मा लावून वाचलं, तर बारीक अक्षरात खरंच तसं लिहिलं होतं. गाय नुसती शोभेला. मग त्यानं मला शिव्या देत देत बटर घ्यायला शिकवलं. मागं लोणी आणि मीठ एवढंच लिहिलेलं असलं तर घे, तेलाचं नाव निघालं की परत ठेव. पाकीट हातात घेऊन कोपरे चाचप. कोपरे कडक आणि सरळ असतील तर माल थंड्यातून थंड्यात आलाय. गोलसर झाले असतील तर टेम्पोत वितळून पुन्हा थिजलाय, तसलं बटर आतून पाणी सोडतं. बिल वाचवायला दुकान बंद करताना फ्रिजचंही बटण बंद करणारे महाभाग असतात, ते ओळखून ठेव.

“आनि बिनमिठाचं घिऊ नगंस,” तो म्हणाला. “आमच्या नानकटाईला ते बरं. तुला एकट्याला ते सपूस्तवर खवट हुतंय. मिठाचं टिकतंय.”

तो सहज बोलून गेला. मला मात्र ते ‘तुला एकट्याला’ लय लागलं. चहा अर्धा टाकून उठलो.

तिथून सरळ दुसऱ्या दुकानात गेलो. दुकानदारानं अर्ध्या किलोचं पाकीट काढून ठेवलं. मी म्हटलं, लहान द्या. तर तो चार गिऱ्हाइकांदेखत विचारतो, “वैनी अजून आल्या न्हाईत व्हय?” आता बटरच्या पाकिटावरून माणसाच्या घरातली खबर लागायला लागली म्हणजे कमालच झाली! मला असा राग आला की मी म्हटलं, असू द्या, मोठंच द्या. आणि एका माणसाच्या घरात अर्धा किलो बटर घेऊन आलो.

एवढं बटर ठेवायचं कुठं, हा पुढचा घोळ. आधी फ्रिजच्या दारातच ठेवलं, कारण दारात बटरसाठी म्हणून एक झाकणाचा कप्पा असतो. तो कप्पा कुणी काढला त्याला भेटायचंय मला. दार सारखं उघडतं, तिथं काही गार राहत नाही. त्यातून वरच्या फळीवर खोबरं-लसणाची चटणी उघडी होती. दोन दिवसांनी सकाळी चहाबरोबर पाव खाल्ला तर पावाला लसणाचा वास. बटर असा वास ओढून घेतं हे मला काय ठाऊक? चटणीबरोबर भाकरीला लावून कसंबसं संपवलं, चहाबरोबर काही ते जमेना.

मग पद्धत बसवली. पाकीट आणलं की कडक असतानाच सुरीनं तुकडे करायचे. सुरी कोरडी पाहिजे. एकेक तुकडा त्याच्याच कागदात गुंडाळायचा, सगळे तुकडे स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि डबा बर्फाच्या कप्प्यात. चालू तुकडा तेवढा खालच्या फळीवर, अगदी मागं, तोही झाकून. पावाचा चुरा लागलेली सुरी पुन्हा त्यात घालायची नाही, नाहीतर बुरशी आलीच म्हणून समजा. आमच्याकडं दुरुस्तीच्या नावाखाली आठवड्यातून एकदा दिवसभर लाईट जाते, त्या दिवशी फ्रिजचं दार उघडायचंच नाही. चालू तुकड्याचा डबा आधीच बाहेर काढून मातीच्या भांड्यात पाणी घालून त्यात ठेवायचा आणि वर ओलं फडकं टाकायचं. हे सगळं कुणी सांगितलेलं नाही, माझ्या अकलेनं काढलेलं. कारखान्यात हत्यारं जशी जागच्या जागी ठेवायचो तसं मी बटर ठेवायला लागलो. वेळ होता ना मायंदाळ. दुसरं करायला होतं काय?

बायकोचा फोन रोज दुपारी यायचा, नात झोपली की. “जेवलासा?” “जेवलो.” “काय जेवलासा?” “पाव.” मग तिकडून एक उसासा, मग नातीच्या दोन गोष्टी, मग नात जागी व्हायची आणि फोन बंद. एवढ्यासाठी मी सकाळपासून फोन चार्ज करून ठेवायचो.

एकदा घरातलं तूप संपलं आणि त्या दिवशी नेमकी चतुर्थी. नैवेद्याला शिरा करायचं मनात आलं. तूप नाही, पण बटर आहे, आणि लोणी कढवलं की तूप होतं हे आमच्याकडं शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल. दोन मोठे तुकडे कढईत टाकले. हा फेस! तडतड उडतंय, भिंतीला शिंतोडे, माझ्या हाताला चटके. फेस खाली बसला, रंग खरपूस आला, वासही तुपाचा आला. गाळायचं असतं हे कुणाच्या ध्यानात राहतंय? खालच्या बेरीसकट सगळं रव्यात ओतलं, साखर घातली, वेलची घातली, देवापुढं वाटी ठेवली, हात जोडले. मग पहिला घास घेतला. खारट! मिठाचे कण दाताखाली करकर करतायत. आणि देवानं तर माझ्याआधीच खाल्ला होता.

दुपारी फोनवर हे सांगितलं. बायको म्हणाली, “आवं, मिठाचं लोनी कडिवलंसा व्हय?”

“मग काय करणार? तूप संपलं.”

“आनि बेरी बी घातलीसा? मीठ जातंय कुटं, तळालाच बसतंय की त्ये! गाळून वरचं घ्याचं, बेरी टाकायची!” आणि ती हसायला लागली. अशी हसली की धाप लागली तिला. तिच्या हसण्यानं नात उठली, तरी तिनं फोन ठेवला नाही. नातीला कडेवर घेऊन कितीतरी वेळ बोलत राहिली, गावाकडचं, तिच्या आईनं एकदा नासक्या दुधाचं काय केलं होतं त्याचं, शेजारणीचं. शेवटी म्हणाली, “लय हाल चाललंत तुमचं. येते मी. एवढं नातीचं दाढा यायचं दुखनं सरू दे.”

त्या दिवशी मी खारा शिरा सगळा खाल्ला. पाण्याचे तांबेच्या तांबे पिऊन खाल्ला.

पुढं माझ्या ध्यानात यायला लागलं. काही बिघडलं, करपलं, उतू गेलं, की फोन लांबतो. ती तिकडून एकेक गोष्ट समजावून सांगते, चिडते, हसते, आणि शेवटी ‘येते मी’ म्हणते. जेवण चांगलं झालं म्हटलं की “बरं झालं बाई” आणि फोन बंद. शहाणा माणूस असता तर त्यानं रोज काहीतरी करपवलं असतं. पण मी पडलो लेथवरचा माणूस. एखादं काम हातात घेतलं की ते मापात बसेपर्यंत मला चैन पडत नाही. आणि खरं सांगायचं तर तिनं यावं आणि थक्क व्हावं, असंही मनात होतं. कीव येऊन यावं, हे मला नको होतं. यावं तर माझ्यासाठी यावं.

मग मी अख्खा मसूर करायला घेतला. हे आमच्या सांगलीकडचं ढाब्यावरचं खाणं, रात्रपाळी सुटली की आम्ही कामगार ते खायला जायचो. पहिल्या वेळी तोंडात घालवेना. मीठ तर मी मापानंच घातलं होतं. डोकं खाजवत बसलो तेव्हा उमगलं. उंब्रजहून भावजयीनं पाठवलेली कांदा-लसणाची चटणी घातली होती, तिच्यात उन्हाळ्यात कुटतानाच मीठ घालतात. वरून बटर, त्यात मीठ. आणि वर माझं मीठ. मसूर बिचारे काय करतील?

तेव्हापासून मीठ हातात घ्यायचंच बंद केलं. मसूर रात्री भिजत घालायचे, कुकरला नुसते शिजवायचे, पण गाळ करायचा नाही. कढईत आधी चमचाभर तेल, मग बटर, कारण नुसत्या बटरवर कांदा टाकला की कांदा लाल व्हायच्या आधी बटर काळं पडतं. आच बारीक. कांदा चांगला बदामी होईतोवर जागचं हलायचं नाही, फोन आला तरी. मग आलं-लसूण, टोमॅटो, चटणी, आणि कडेनं तेल सुटलं की मसूर. एक उकळी फुटली की गॅस बंद. मग वरून बटरचा एक तुकडा सोडायचा आणि झाकण ठेवायचं. तो आपोआप विरघळतो. त्यानंतर चाखायचं, आणि लागलंच तर मीठ. बहुतेक लागत नाही.

एका दुपारी असा जमला, असा जमला की मी मोठ्यानं “वा!” म्हणालो. आणि रिकाम्या स्वयंपाकघरात माझाच आवाज ऐकून चपापलो. समोरचा पाट रिकामा. खानावळीचं बेचव जेवण एकट्यानं खाता येतं, कसंतरी ढकलायचंच असतं ते. चांगलं झालेलं एकट्यानं खाणं लय वाईट. घास तोंडात असताना सांगावंसं वाटतं आणि सांगायला कुणी नसतं. उरलेला मसूर डब्यात भरून बेकरीवाल्याकडं नेला. त्यानं तिथंच गरम पाव घेऊन डबा साफ केला, बोटं चाटली आणि म्हणाला, “आता वैनीस्नी बलव. माज्यावर फुकट घालवू नगंस ह्ये.”

बोलवायची वेळ आलीच नाही. त्याच आठवड्यात तिचा फोन, की जावयाची आई काही दिवस पुण्याला येतेय, नातीला ती बघेल, मी येऊन जाते. ‘येऊन जाते’ म्हणाली. मी म्हटलं, ये.

दोन दिवस घर धुतलं. भिंतीवरचे तुपाचे शिंतोडे घासून काढले. बटर नवीन आणलं, मोठं पाकीट, आणि या वेळी दुकानदारानं काही विचारायच्या आत मीच सांगितलं, “येतीय उद्या.” तिला बजावून ठेवलं होतं की पुणे-सांगली रस्त्यावरचा खंडाळा सोडला की फोन कर. तिथून एसटी घाटात शिरली की रेंज जाते वगैरे कारण सांगितलं, पण खरं कारण बटरचं होतं. मला हिशेब बसवायचा होता. थंडीचे दिवस होते. खंडाळ्याहून ती घरी पोचेपर्यंत बटर बाहेर ठेवलं तर ते बोटानं दाबलं की दबेल इतपत मऊ होणार, पाव न फाटता लागणार. उन्हाळ्यात असला शहाणपणा केला असता तर वाटीत आमटी झाली असती.

फोन आला. “खंडाळा सोडला,” म्हणाली. मी बटर बाहेर काढलं आणि कांदा चिरायला घेतला. पुन्हा उंब्रजजवळून फोन आला. दर वेळी ती उंब्रजला उतरून भावाकडं डोकावल्याशिवाय पुढं सरकत नाही. “या खेपंला उतरत न्हाई, थेट येते,” म्हणाली. कांदा चिरताना मी गाणं गुणगुणत होतो हे शेजारणीनं ऐकलं, आणि नंतर सगळ्या गल्लीला सांगितलं.

रिक्षातून उतरली तर बरोबर मोठी बॅग. गेली होती तेव्हाचीच. उचलली तर जड. क्षणभर वाटलं, विचारावं, परत जायचं नाही ना? पण विचारलं आणि ‘जायाचं हाय की’ म्हणाली तर? बॅग आतल्या खोलीत नेऊन ठेवली आणि म्हटलं, हातपाय धू, पान वाढतो.

ती स्वयंपाकघरात आली आणि उभीच राहिली. ओटा बघितला, डबे उघडून बघितले, फ्रिज उघडून बटरचा डबा काढला. आत एका मापाचे, कागदात गुंडाळलेले तुकडे.

“ह्ये कुनी केलं?”

“मी.”

तिनं डबा परत जागेवर ठेवला. मग परात ओढायला लागली. “भाकरी थापते,” म्हणाली.

“आज काही हात लावायचा नाही,” मी म्हटलं. “बस तू. आज पाहुणी आहेस.”

“पावनी व्हय,” ती म्हणाली आणि बसली.

मी तव्यावर बटर सोडून पाव भाजले, मसूर वाढला, कांदा फोडून दिला, लिंबू दिलं. बटरचा एक तुकडा सुरीवर घेऊन तिच्या हातावर द्यायला गेलो तर तिनं हात मागं घेतला. “ताटात ठेवा. मीठ हाय त्यात. हातात दिलं की भांडनं हुत्यात.” इतकी वर्षं तिनं मीठ कधी कुणाच्या हातात दिलं नाही, की कुणाच्या हातून घेतलं नाही. मी ताटात ठेवला. भांडण झालं असतं तर फार बरं झालं असतं, हे मला आज वाटतं. भांडणात आम्ही दोघं काय वाट्टेल ते बोलतो.

ती जेवली. पहिल्या घासाला माझ्याकडं बघितलं, दुसऱ्या घासाला मान डोलवली, मग तिसरा पाव मागून घेतला आणि वाटी पुसून खाल्ली. “लय ब्येस झालंय,” म्हणाली. “मीठ बी कसं मापात.” माझी छाती अशी फुगली की काय सांगू! भांडीसुद्धा मी घासली. चहा मी केला. ती म्हणाली, कपडं तरी धुते, तर मी म्हटलं, सकाळीच धुऊन झाले. ती म्हणाली, देवाची भांडी घासते, तर ती परवाच घासली होती. मग ती अंगणात जाऊन बसली. तुळशीला पाणी घालायला उठली, माती ओली बघून परत बसली. मी तिला चटण्यांचे डबे, धान्याचे डबे, एकेक करून दाखवत होतो. ती “व्हय”, “बरं हाय की” म्हणत होती. बॅग तिनं अजून उघडली नव्हती. मला वाटलं, दमली असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तव्यावर पाव भाजत होतो. ती अंगणात मुलीशी फोनवर बोलत होती. खिडकी उघडी होती, मुद्दाम कान द्यायची गरज नव्हती.

“न्हाई गं,” ती म्हणत होती, “उगंच जिवाला घोर लावून घेतला मी. समदी कापडं घिऊन आलते, आता हितंच ऱ्हायाचं म्हनून. म्हनलं, हाल चाललंत मानसाचं, तितं बसून घास गिळत न्हाई. पन त्येंचं लय झ्याक चाललंय बग. माझ्यावाचून काय बी अडल्यालं न्हाई. सैपाक तर माझ्यापरीस चांगला करत्यात.” मग जरा वेळ ऐकून घेतलं. “व्हय, सांग तुज्या सासूबाईस्नी, परवा येते मी. पोरगी शाळंत जाईस्तवर ऱ्हाते, मग बगू.”

माझ्या हातात उलथणं होतं. तव्यावर बटर चुरचुरत होतं. मला तिला सांगायचं होतं, जाऊ नकोस. मला स्वयंपाक येतो गं, पण एकट्यानं जेवणं होत नाही. तू ये, हवं तर मी पुन्हा सगळं करपवतो, खारट करतो, पण समोर बस. हेच सांगायचं म्हणून मी गॅस बारीक केला आणि दारापर्यंत गेलो. ती फोन ठेवून पदरानं डोळे पुसत होती. मला बघून पदर सोडला.

“काय म्हनताय?” तिनं विचारलं.

“काही नाही,” मी म्हटलं. “अजून एक पाव भाजू का?”

ती माझ्याकडं बघत राहिली.

“भाजा,” म्हणाली.